दोष नसतानाची जबाबदारी



आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच मुली नर्सिंग शिकत आहेत. त्यांतील एक नाताळच्या सुट्टीत घरी आली होती. तिच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या नाकाची तपासणी झाली, तेव्हा तिच्या नाकात 'एमआरएसए' हा जंतू सापडला. नेहमीची अनेक अँटिबायोटिक औषधे या जंतूवर चालत नाहीत. तिला स्वतःला काहीच त्रास नव्हता, ना ताप, ना फोड. पण बहिणीचे बाळ पंधरा दिवसांचे होते. "फादर, मी त्याला घेऊ की नको? आणि वॉर्डात माझ्यामुळं कोणाला काही झालं असेल, तर ते पाप माझं का?" (तिच्या परवानगीने हे लिहीत आहोत.)

पहिला प्रश्न आम्ही डॉक्टरांकडे सोपवला. दुसरा आमच्याजवळ राहिला.

जे कळणे शक्यच नव्हते, त्याचा दोष माणसाला लागत नाही, असे सेमिनरीत आम्ही शिकलो. या जंतूचा साधा भाऊबंद तर सुमारे तीन माणसांत एकाच्या नाकात निमूट राहतो. औषधांना दाद न देणारा प्रकार रुग्णांच्या सेवेत वावरणाऱ्यांना चिकटू शकतो. तेव्हा पाप नाही, हे आम्ही तिला लगेच सांगितले. पण कळल्यानंतर काय?

१८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांच्या लक्षात आले की, शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातांमुळे त्या माता दगावत होत्या. त्यांत त्यांचे स्वतःचे हातही होते. त्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरी अनेक नामवंत डॉक्टरांना ते पटले नाही. आम्हाला वाटते, हात धुणे जड नव्हते. आपल्या हातून बाया गेल्या हे मानणे जड होते. आपल्यामुळे गेलेल्यांचा हिशोब देवापाशीच आहे, अशी कबुली सेमेलवाइस यांनी पुढे आपल्या ग्रंथात दिली.

दुसरे उदाहरण आपल्या गडचिरोलीचेच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात सुमारे १७ दगावत. या बायांनी घरी जाऊन अँटिबायोटिक औषधे दिल्यावर जेमतेम ३. हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. हे घडले, कारण औषध जंतूवर चालत होते. ते चालेनासे झाले, तर रानातल्या झोपडीत दुसरे कोठून आणणार?

आणि औषध चालेनासे करण्यात आपलाही हात आहे. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून गोळ्या आणतो, बरे वाटले की उरलेल्या डब्यात ठेवतो, पुढच्या महिन्यात त्याच पोराला देतो. आम्हीही हे केले आहे. त्या मुलीची तपासणी तरी झाली. आपली कोणी केली?

म्हणून "पोरगी दवाखान्यातून रोग घेऊन आली" असे तिच्या आईला ऐकवणाऱ्यांचा आम्हाला राग आला. असे बोलल्याने जंतू जात नाही. पुढची मुलगी तपासणीच टाळते.

डॉक्टरांनी तिला नाकात लावायचे मलम दिले आणि साबणाने हात स्वच्छ धुऊन बाळाला घ्यायला हरकत नाही, असे सांगितले. आम्ही घरी गेलो तेव्हा ती बाळाला घेऊन बसली होती. आम्ही हात पुढे केले, तर म्हणाली, "फादर, आधी हात धुवा."