मूळचे कुठले?

परवा वरची खोली भाड्याने पाहायला एक जोडपे आले. नेहमीच्या सवयीने मी विचारले, "मूळचे कुठले तुम्ही?" बाईंनी दूरच्या मुलखातल्या गावाचे नाव सांगितले आणि उलट विचारले, "आणि काका, तुम्ही?" "मूळचे कल्याणचे!" मी ऐटीत म्हणालो. "कळवतो" सांगून त्यांना वाटेला लावले, तोच आतून आवाज आला, "अहो, मामंजी राजापुराहून ट्रंक घेऊन आले होते ना?"

संध्याकाळी दुर्गाडीखाली खाडीकाठी जाऊन बसलो. या बंदराचा मूळचा माणूस तरी कोण? पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरवर्णनात कल्याण आहे. पण सत्ता बदलली आणि इथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असेही त्यात आहे. म्हणजे आल्या पाहुण्याला परत धाडण्याची रीतही इथे जुनीच! सहाव्या शतकात कॉस्मस इथल्या ख्रिस्ती बिशपाविषयी लिहितो. त्याची नेमणूक इराणातून होई. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले, पुढे खाडीत गलबते बांधली जाऊ लागली. १८५४ मध्ये आगगाडी आली, आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासित जवळच्याच लष्करी छावणीत उतरले. त्यांना कोणी 'मूळचे कुठले' विचारले असेल, तेव्हा काय वाटले असेल?

मात्र आधीपासून राहणाऱ्याचे गाऱ्हाणे अगदीच खोटे नव्हे. लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, नळाचे पाणी पुरत नाही. हे सोसणाऱ्याने कुरकुरूही नये काय? कुरकुरावे. पण आधी उतरलेल्या उतारूने डब्याचे दार लावून घ्यावे, हा हक्क त्याला कोणी दिला? मीही त्याच डब्यातला.

कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे, एका लोहाराने वाट करून दिल्याचा आहे. दोघेही स्वतःला कल्याणचे म्हणवतात. त्यांचे आजे कुठून आले होते, ते लेखात नाही. ते पाणी कोणी प्यावे, त्या वाटेने कोणी चालावे, याचीही अट नाही.

दुसऱ्या दिवशी त्या जोडप्याला होकार कळवला. सामान लागायच्या आधीच बाई खाली आल्या. "काका, पाणी किती वाजता येतं?"

"साडेपाचला," मी म्हणालो, "पण आज आमच्याकडचं भरून न्या."