श्रद्धांजली आणि निवाडा

शहरांवर बॉम्ब टाकू नयेत, हे दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला निदान कागदावर तरी सर्वांना मान्य होते. १ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरी वस्त्या वगळण्याचे आवाहन केले आणि ब्रिटनने ते स्वीकारले. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याच ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या विमानांनी ड्रेस्डेन बेचिराख केले. सुमारे २५,००० माणसे मेली.

मधल्या साडेपाच वर्षांत ही मर्यादा पायरीपायरीने ढासळली. वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन, कॉव्हेंट्री ही शहरे जर्मनीने आधी भाजून काढली होती, हे विसरता येत नाही. पण सूड हे एकच कारण नव्हते. दिवसा विमाने पाडली जात, म्हणून ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने रात्री उडू लागली, आणि अंधारात लक्ष्य सापडेना. लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचत होती, असे ऑगस्ट १९४१ च्या बट अहवालात उघड झाले. कारखाना सापडत नव्हता. अख्खे शहर मात्र सापडत होते. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे मनोधैर्य हेच लक्ष्य ठरले. जे जमत नव्हते त्याची जागा जे जमत होते त्याने घेतली आणि त्यालाच धोरण म्हटले गेले. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये आगीचे वादळ उठले. ३५,००० हून अधिक लोक त्या हल्ल्यांत गेले.

याला विरोध झाला नाही असे नाही. ९ फेब्रुवारी १९४४ रोजी चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी ब्रिटनच्या उमराव सभागृहात उभे राहून, शत्रूच्या शहरांवरच्या बॉम्बफेकीच्या धोरणाबद्दल सरकारला जाब विचारला. ऐन युद्धात हे बोलायला मोठे धैर्य लागते.

धैर्य विमानात बसलेल्यांकडेही होते. ब्रिटनच्या बॉम्बफेकी दलाच्या, म्हणजे बॉम्बर कमांडच्या, सुमारे सव्वा लाख वैमानिक-सैनिकांपैकी ५५,५७३ ठार झाले, म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. सगळे स्वेच्छेने आलेले, बहुतेक विशीतले. सेवेच्या एका फेरीत तीस मोहिमा. ज्याची हिंमत खचली त्याच्या नोंदीवर भित्रेपणाचा शिक्का बसे. धोरण त्यांनी ठरवले नव्हते. ते आखणाऱ्यांनी युद्ध संपत येताच अंग काढून घ्यायला सुरुवात केली. मार्च १९४५ च्या अखेरीस चर्चिल यांनीच या हल्ल्यांचा फेरविचार हवा, असे टिपण लिहिले. सर्वांनी मिळून घेतलेल्या निर्णयाची लाज पुढे कित्येक वर्षे या पोरांच्या वाट्याला आली.

म्हणून स्मारकांचा प्रश्न चिघळत राहिला. १९९२ मध्ये लंडनला या दलाचे प्रमुख आर्थर हॅरिस यांचा पुतळा उभा राहिला तेव्हा निदर्शने झाली, पुतळ्यावर रंग फेकला गेला. तिथे सन्मान सेनापतीचा होता. २०१२ मध्ये ग्रीन पार्कमधल्या स्मारकात मात्र सात जणांचा विमानचमू उभा केला गेला, आणि बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचे स्मरण त्याच वास्तूत कोरले गेले. ड्रेस्डेनच्या पुन्हा बांधलेल्या फ्राउएनकिर्खे चर्चवरचा सोनेरी क्रूस त्या शहरावरच्या हल्ल्यात भाग घेतलेल्या एका ब्रिटिश वैमानिकाच्या मुलाने घडवला.

इथवर यायला साठ-सत्तर वर्षे लागली, आणि दोन्हीकडच्या मृतांचे एकत्र स्मरण करण्याचा हाच विचार मला योग्य वाटतो. वैमानिकांचे शौर्य सांगितले म्हणून हॅम्बुर्गच्या तळघरांत गुदमरलेली मुले दोषी ठरत नाहीत. त्या मुलांसाठी रडलो म्हणून वैमानिकांचा अपमान होत नाही. श्रद्धांजली माणसांना द्यायची असते, निवाडा कृत्याचा करायचा असतो. तो निवाडा १९७७ च्या जिनिव्हा पूरक कराराने दिला: शहरातल्या वेगवेगळ्या लष्करी लक्ष्यांना एकच लक्ष्य मानून सरसकट बॉम्बफेक करणे निषिद्ध आहे. आज कोणतेही सरकार नाइलाज म्हणून एखादे शहर जाळू लागले, तर आपल्या सैनिकांच्या बलिदानाआड त्याला लपू देऊ नका.