पालखीत पादुकाच का?



पालखी मुक्कामी येते, तंबूत विसावते, गावाची रांग लागते आणि एकेक जण माथा टेकवून पुढे सरकतो. माथा कशावर टेकवतो? पादुकांवर. ज्ञानोबांच्या पालखीत ज्ञानोबांची मूर्ती नसते, तुकोबांच्या पालखीत तुकोबांची मूर्ती नसते, आणि ज्याच्या भेटीला एवढा लवाजमा निघाला त्या पांडुरंगाचेही रूप पालखीत नसते. जेजुरीला सोमवतीच्या दिवशी खंडोबाच्या उत्सवमूर्ती पालखीत बसून कऱ्हेवर स्नानाला जातात; तो त्या देवाचा थाट आहे आणि तो त्याला शोभतोही. आपल्याकडे मात्र तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला तो पादुका ठेवून. पादुका घडवणाऱ्या हाताला मुखवटाही घडवता आला असता. तो घडवला गेला नाही, आणि त्यावाचून पालखी रिकामी आहे असे आजवर कोणा वारकऱ्याच्या तोंडून मी ऐकलेले नाही.

ही गोष्ट आज काढण्याचे कारण आपल्या सर्वांच्या खिशात आहे. आषाढी जवळ आली की मोबाइलवर किती विठ्ठल येतात ते एकदा मोजून पाहा. एका चित्रात देवाची छाती पैलवानासारखी, दुसऱ्यात डोळ्यांतून अश्रू, तिसऱ्यात तो म्हातारीला खांद्यावर घेऊन दिवेघाट चढतो आहे. आता तर संगणकाला चार शब्द सांगितले की तो क्षणात असा देव काढून देतो, हलता-बोलता. आपण ते पाहतो, गहिवरतो, पुढे धाडतो आणि संध्याकाळी जागा भरली म्हणून पुसून टाकतो. काल गहिवरून पाहिलेला देव आज बोटाने पुसला, याचे मनाला काहीच वाटत नाही. मला भीती या ‘काहीच न वाटण्या’ची आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, वारकऱ्याने देवाची नवनवी चित्रे करणे, करवून घेणे आणि पसरवणे आवरावे.

लगेच पूर्वपक्ष उभा राहतो. आपण तर मूर्तिपूजक! कटीवर कर ठेवून उभ्या असलेल्या त्या रूपासाठीच अडीचशे किलोमीटर पायी जातो, आणि तुम्ही आम्हाला रूपच नको म्हणता? नाही माउली, मी तसे म्हणत नाही. बाराव्या अध्यायात ज्ञानोबारायांनीच सांगितले आहे की देहधारी माणसाला अव्यक्ताची वाट फार कष्टाची आहे. सगुणाला नाकारून वारकरी उरतच नाही. पण दिलेल्या एका रूपापुढे वाकणे वेगळे आणि आपल्या आवडीची रूपे तयार करत सुटणे वेगळे. विटेवरचा देव आपण घडवला अशी आपली श्रद्धाच नाही. तो पुंडलिकासाठी आला, आणि पुंडलिकाने त्याच्याकडे धड वळूनही न पाहता वीट भिरकावली, कारण त्याचे हात आईबापांच्या पायांत गुंतले होते. ज्या भक्तामुळे देव उभा राहिला त्याने देवाकडे टक लावून पाहिले नव्हते, हे आपण कथेच्या ओघात विसरतो.

ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय या प्रश्नावर फार कठोर आहे. इतका, की वाचताना मान खाली जाते. भगवंत तिथे सांगतात, मला नाव नाही त्याला हे नाव देतात, रूप नाही त्याला रूप चढवतात, पांघरुणाची गरज नाही त्याला पांघरुण आणि दागिन्यांच्या पलीकडे असलेल्याला दागिने घालतात. मी स्वयंभू, तर माझी प्रतिष्ठापना करतात. मी सदैव असणारा, तर मला बोलावतात आणि निरोप देतात. एवढ्यावर न थांबता माउली पुढची पायरी दाखवतात: चराचरात एकच असलेला मी, पण हे लोक मला कोणा एकाची बाजू घ्यायला लावतात आणि कोणा एकाला रागाने मारायला लावतात. माणसाचेच सगळे स्वभाव माझ्यावर लादून त्यालाच देव म्हणतात. सातशे वर्षांपूर्वीचे हे विवेचन वाचून आजच्या भिंतींवरची आणि गाड्यांच्या काचांवरची चित्रे पाहावीत. रागावलेले, भुवया आवळलेले, शस्त्र परजणारे देव. तो राग त्यांचा आहे की चित्र लावणाऱ्याचा? आपल्या विठोबाच्या हाती शस्त्र नाही. त्याचे हात कमरेवर. त्यालाही कोणी उद्या आवेशात आणील, तेव्हा ‘किती छान’ म्हणून पुढे पाठवणाऱ्यांत आपण नसावे.

त्याच ठिकाणी आणखी एक निरीक्षण आहे. जोवर समोर आकार दिसतो तोवर देव म्हणून भजतात, आणि तोच मोडला की आता यात देव नाही म्हणून टाकून देतात. हे वाचले की मला गावोगावचा पिंपळ आठवतो. दसरा-दिवाळीची साफसफाई झाली की त्याच्या पारावर तसबिरी येऊन पडतात. काच तडकलेली लक्ष्मी, वाळवी लागलेले दत्तगुरू, पाणी शिरून अर्धा पुसलेला विठोबा. शेजारी लग्नपत्रिकांचा गठ्ठा. प्रत्येक पत्रिकेवर गणपती, कारण तशी रीत. लग्न पार पडले की तो कागद कुठे ठेवावा हे कोणालाच कळत नाही. घरात ठेववत नाही आणि कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून झाडाखाली. पावसात कागद लगदा होतो, चौकटीचे खिळे पोरांच्या पायांत जातात. ज्यांनी ठेवले त्यांना मी दोष देत नाही. टाकवत नाही ही त्यांची लाजच आहे, आणि ती चांगली आहे. चूक त्याआधी झाली. अगरबत्तीच्या पुड्यापासून तंबाखूच्या डबीपर्यंत देव छापला तेव्हा.

तेराव्या अध्यायात अज्ञानाची लक्षणे येतात, त्यांतही असाच एक भक्त भेटतो. तो देवाची मूर्ती करवून घेतो, घराच्या कोपऱ्यात बसवतो आणि आपण दुसऱ्या देवदेवींच्या यात्रांना निघून जातो. एकादशीला एक, पंचमीला दुसरा, चतुर्थीला तिसरा. ज्या दिवशी जो समोर, त्या दिवशी त्याचा. माउलींनी हा माणूस नास्तिकांत नव्हे, भाविकांत शोधला आहे. तो वाईट नाही, त्याला फक्त एका ठिकाणी थांबता येत नाही. आपल्या मोबाइलच्या पडद्यावर रोज सकाळी वाराप्रमाणे बदलणारा देव पाहिला की हा मनुष्य अजून हयात आहे असे वाटते.

आता नामदेवरायांकडे येऊ, कारण या प्रश्नाची खरी कसोटी तेच आहेत. देवाच्या मूर्तीशी त्यांच्याइतकी सलगी कोणाची? लहानपणी नैवेद्य घेऊन गेले आणि देवाला जेवायला लावले. देव त्यांच्याशी बोलायचा, रुसायचा. आणि संतमंडळींत गोरोबाकाकांनी थापटीने एकेकाचे डोके पारखले तेव्हा कच्चे मडके कोणते निघाले? हेच. केवढा हा अपमान! मग ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. पाहतात तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, मी म्हातारा, पाय हलवत नाही; जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. जिथे ठेवावे तिथे पिंडी. ही कथा आपण कीर्तनात हसत-हसत ऐकतो, पण नामदेवांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. ज्या एका रूपावर जीव जडला ते कोणी काढून घेतले नाही. ते एकाच जागी आहे हा हट्ट तेवढा गेला. त्यानंतरही नामदेव पंढरीलाच आले आणि महाद्वाराची पायरी झाले. मूर्ती सुटली नाही. मूर्तीची मालकी सुटली.

पुढे ते उत्तरेला गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचे स्थान आहे. २०१५ साली तिथे मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा आपल्यातले कित्येक जण जाऊन आले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्यांत ‘बीठल’ हे नाव येते. गुरुद्वारात मूर्ती नसते. तिथल्या माणसाला वीट ठाऊक नाही, तुळशीहार ठाऊक नाही, मकरकुंडले ठाऊक नाहीत, तरी आपल्या विठ्ठलाचे नाव तिथे आदराने गायले जाते. नामदेवांनी पंढरीहून एवढ्या दूर नेले ते हे नाव. आज आपण विठ्ठल ‘जगभर पोहोचवण्यासाठी’ चित्रांचा जो सपाटा लावतो, त्याची गरज नामदेवांना पडली नव्हती.

रूपाला कुलूप लागते, ही आणखी एक गोष्ट. विठोबाची मूर्ती विजयनगरच्या राजाने नेली आणि नाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी आपली परंपरा सांगते. नेता येते, लपवता येते, दार लावून घेता येते. दार लावण्याचा अनुभव चोखोबांना विचारावा. मंगळवेढ्याहून पंढरीला यायचे आणि महाद्वाराबाहेर उभे राहायचे. गाभाऱ्यातले रूप ज्याच्या वाट्याला आले नाही, त्याच्या ओठांतले नाम मात्र कोणाला अडवता आले नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला कूस कोसळून त्याखाली मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. नामदेव अस्थी आणायला गेले. ढिगाऱ्यातली हाडे कोणाची हे कसे ओळखावे? ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आले ती चोखोबांची, अशी कथा आहे. चेहरा उरलाच नव्हता. त्या अस्थींची समाधी नामदेव पायरीसमोर आहे, आणि तिथून आत जाण्याची वाट चोखोबांच्या लोकांना खुली व्हायला मे १९४७ उजाडावा लागला. साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले तेव्हा. सहाशे वर्षांहून अधिक काळ! मूर्तीने कोणाला ‘येऊ नको’ म्हटले नव्हते. पण आपल्या हातात रूप आले की त्याभोवती उंबरा बांधायची खोड आपल्याला आहे.

गाभाऱ्यातल्या मूर्तीकडेच पाहा ना. पिढ्यान्‌पिढ्यांचे अभिषेक आणि लाखो हातांचे स्पर्श यांनी पाषाण झिजतो, म्हणून अधूनमधून वज्रलेप करावा लागतो. खरी मूर्ती अशी हळूहळू साधी होत चालली आहे आणि तिची चित्रे मात्र दरवर्षी अधिक रेखीव, अधिक चकचकीत. मुलाला पहिल्यांदा पंढरीला नेले तर ‘हा तसा का दिसत नाही?’ असे तो विचारतो. चित्राने त्याला देव आधीच दाखवून टाकलेला असतो.

माझ्या म्हणण्याला एक आक्षेप मात्र असा आहे, की त्यापुढे मी नमतो. एखादी माय. जन्मात पंढरी घडली नाही, कारण आधी सासू अंथरुणाला, मग नवरा, मग गुडघे. तिने कधीतरी दिनदर्शिकेतला विठोबा कात्रीने कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. ट्रंक उघडली की दर्शन. कागद पिवळा पडला, कोपरे गेले, तिने बदलला नाही. दिनदर्शिका दरवर्षी नवी येते, तिचा विठोबा तोच. तिला मी काय सांगणार? तिने चित्र केले नाही, पसरवले नाही, मोडले म्हणून टाकलेही नाही. माझा सगळा युक्तिवाद त्या झाकणापाशी येऊन गप्प बसतो, आणि बसावा.

उलट टोक पालखीच्या वाटेवर दिसते. प्रत्येक चौकात स्वागताचा फ्लेक्स. कोपऱ्यात विठोबा, मध्यभागी स्वागतोत्सुक, खाली त्यांच्या मित्रमंडळाचे तीस-पस्तीस चेहरे. देवाचा चेहरा सर्वांत लहान. पालखी पुढे सरकली की चार दिवसांत तो फ्लेक्स भाजीच्या गाडीवर ताडपत्री होतो किंवा गोठ्याचे छत. गोठ्यावर गेला तर निदान गुरांचे भले होते म्हणायचे.

२०२० साली वारी निघाली नाही. पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि आपण घरी राहिलो. त्या आषाढीला ज्यांच्या घरी हरिपाठ होता त्यांना वारी घडली. मंदिर उघडे असतानाही अनेक वारकरी कळस पाहून, पायरीला हात लावून माघारी फिरतातच. दर्शनाची रांग मोठी, आणि वाटेत ज्याच्या-त्याच्या पायावर डोके ठेवून ‘माउली’ म्हणत आल्यावर दर्शन राहिले असे त्यांना वाटत नाही. विणेकऱ्याच्या पाया पडताना आपण त्याचा चेहरा तरी कुठे पाहतो? पहाऱ्याला कोण उभा आहे हे पुष्कळदा मान वर केल्यावर कळते.

यंदा आमच्या दिंडीच्या बैठकीत फलकाचा विषय निघाला. तरुण मंडळींनी संगणकावर विठ्ठलाची चार-पाच रूपे तयार करून आणली होती, मेहनतीने. बरीच चर्चा झाली, थोडी कडूही. शेवटी ठरले की फलकावर दिंडीचा क्रमांक, गावाचे नाव आणि ‘रामकृष्ण हरी’ एवढेच असावे. विणेकऱ्यांचे नाव घालायचा आग्रह विणेकऱ्यांनीच मोडून काढला. मजकूर घेऊन छापखान्यात गेलो तर छापणारा म्हणाला, “महाराज, मध्ये एवढी मोठी जागा मोकळी राहते आहे. तिथे काय टाकू?”

म्हटले, राहू दे.