पोटात दुखतंय म्हणणारं पोर

सोमवारी सकाळी दप्तर भरताना पोटात कळ येते आणि रविवारी दिवसभर काही होत नाही, अशी पोरं जयसिंगपुरात गल्लोगल्ली आहेत. आई आधी ओवा चावायला देते, मग मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते. आठवडा गेला की बाप मोटारसायकलवर मागं बसवून मिरज गाठतो. 1894 साली डॉक्टर वॉन्लेस यांनी मिशन हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून या भागातला माणूस दुखणं घेऊन मिरजेलाच जातो. रक्त तपासलं जातं, सोनोग्राफी होते, सगळं नॉर्मल निघतं. बाप घरी येऊन जाहीर करतो, ‘नाटकं करतंय.’ एवढा खर्च झाला, पण वर्गात तुझ्याबरोबर काय होतं, हे त्या पोराला कुणी विचारलं नाही.

ते दुखणं खोटं नसतं. मनावर ताण आला की मोठ्यांचंही पोट बिघडतं. लहान मुलाला तर भीती सांगता येत नाही, पोट दुखतं एवढंच सांगता येतं.

जयसिंगपूर हे गाव शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलं. करवीर संस्थानात 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा कायदा त्यांनीच केला. पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या कायद्याखालची पहिली शाळा 1918 च्या मार्चमध्ये निघाली ती चिपरीत, म्हणजे आमच्या शिवेला लागून. पोर शेतात राबवायचं की वर्गात बसवायचं, हा बापाच्या मर्जीचा मामला राहिला नाही. पण सक्ती करणाऱ्यावर जबाबदारीही येते. पोराला रोज सहा तास एका खोलीत बसवायचं आणि तिथं त्याच्या मनाचं काय होतं हे घरच्यांनी बघावं म्हणायचं, हे महाराजांच्या कायद्याशी बेइमानी करणं आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 2013 पासून शाळांत येतं, वर्षातून एकदा. चष्म्याचा नंबर, किडलेले दात, अंगातलं रक्त बघतं. विकासातला विलंब आणि शिकण्यातल्या अडचणी हुडकणं हेही त्याच कार्यक्रमात आहे. पण शेकडो पोरं रांगेत उभी असताना गप्प बसलेलं पोर कुणाच्या नजरेला पडणार? ते पडतं बाईंच्या नजरेला. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस आणि सहावी ते आठवीला 220 दिवस ठरवून दिलेत. एवढे दिवस ते पोर समोर असतं. गेल्या महिन्यापर्यंत खोखो खेळणारी मुलगी मधल्या सुट्टीत बाकावरच बसते, डबा भरलेला परत नेते, बाही कोपराच्या वर जाऊ देत नाही. हे बघायला पदवी लागत नाही. उसाच्या पानाखाली लोकरी मावा दिसला की आमचा शेतकरी त्याच दिवशी कृषी सेवा केंद्र गाठतो, आख्खा फड पांढरा व्हायची वाट बघत नाही.

उशीर किती महाग पडतो ते वाचनाच्या अडचणीत दिसतं. ‘ब’ आणि ‘व’ची गल्लत करणारं, ओळ सोडून वाचणारं, पण तोंडी हिशेब झटक्यात करणारं पोर प्रत्येक वर्गात एखादं असतं. अध्ययन अक्षमता हे त्याचं नाव. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, दहावीच्या परीक्षेला सवलतीही मिळतात. तिसरीत ओळखलं तर त्याला वाचायची वेगळी रीत शिकवता येते. नववीत येईपर्यंत ‘मंद’, ‘दगड’ ऐकून त्यानं स्वतःलाच दगड ठरवलेलं असतं, आणि मग ते वर्गात दंगा करतं, कारण मंद म्हणवून घेण्यापेक्षा वांड म्हणवून घेणं बरं. त्याला आपण शिक्षा करतो.

2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या किती पोरांनी रात्रीत घर सोडलं! पंचनामे घरांचे झाले, जनावरांचे झाले, उसाचे झाले. आभाळ भरून आलं की अजून आईचा पदर न सोडणाऱ्या पोराचा पंचनामा कुठल्या तलाठ्यानं करायचा?

‘आमच्या वेळी कुठं होती ही थेरं? दोन फटके बसले की सरळ व्हायचो.’ हे पारावर हमखास ऐकू येतं. जे सरळ झाले ते बोलतात. जे मोडले ते बोलायला पारावर नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी जीव दिला, आणि त्यात सर्वांत जास्त, 1,764, महाराष्ट्रातले होते. फुले-आगरकरांचं नाव घेणारं राज्य या यादीत पहिलं आहे.

शिक्षकांची तक्रार मात्र खरी आहे. निवडणुकीची कामं, पोषण आहाराचा हिशेब, रोजची ऑनलाइन माहिती, त्यात पोरांच्या मनाकडं बघणं हे आणखी एक. पण त्यांनी डॉक्टर व्हावं असं कुणी म्हणत नाही. पोराला बाजूला घेऊन शांतपणे विचारावं, आईबापाला चारचौघांत न झापता सांगावं आणि पुढं समुपदेशकाकडं पाठवावं, एवढंच.

पुढं म्हणजे कुठं? इथं संस्थाचालकांनी उत्तर द्यायचं आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक हवा, लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं, शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. गुणांवरून तुकड्या पाडणं आणि पोरांना चारचौघांत लाजवणं शक्यतो टाळा, असंही सांगितलं. निकालाच्या दिवशी चौकाचौकांत लागणारे फ्लेक्स यात बसतात का? माझ्या मते बसतात. फ्लेक्सवर नसलेलं पोर त्याच चौकातून घरी जात असतं.

अर्थात समुपदेशक नेमला तरी पालक त्याच्याकडं जातील याची खात्री नाही. ‘वेड्याचा डॉक्टर’ म्हटलं की पाय मागं. मुलीची गोष्ट असली तर ‘पुढं लग्नाचं काय?’ म्हणून अंगारा लावून दार लावून घेतात. दाताच्या दवाखान्याला जशी पाटी असते तशी समुपदेशकाच्या खोलीला असली आणि सरपंचाचं, नगरसेवकाचं, हेडमास्तरांचं पोर तिथं उजेडात गेलं, तर ही लाज लवकर जाईल. तोवर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. तो प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर रंगवायला डबाभर रंग लागतो.

पगाराचा प्रश्न येईलच. एकट्या शाळेला झेपत नसेल तर जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाडच्या चार-पाच शाळांनी मिळून एक समुपदेशक ठेवावा, आठवड्यातला एकेक दिवस वाटून घ्यावा. साखर कारखाने आणि पतसंस्थांनी वार्षिक सभेतल्या भेटवस्तूंऐवजी त्याचा पगार उचलावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. पुढच्या बैठकीत पत्रे आणि कंपाउंड यांच्या आधी हा विषय घ्यायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.