निःशस्त्राचे नेतृत्व

ज्याच्या हाती शस्त्र नाही आणि ज्याचा शब्द मोडल्यास कोणास शिक्षा होत नाही, तो पुरुष नेता होऊ शकतो काय? कुरुक्षेत्रावर भगवंतांनी निःशस्त्र राहून अर्जुनाचे सारथ्य पत्करले; परंतु रथ नेऊन उभा केला तो दोन्ही सैन्यांच्या मध्यभागी. गीतेचा उपदेश तेथे झाला, सुरक्षित शिबिरात नव्हे.

पहिल्या महायुद्धातील एका ब्रिटिश पलटणीच्या धर्मगुरूचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. थिओडोर बेली हार्डी हे शाळेचे मुख्याध्यापक व नंतर एका खेड्याचे पाद्री होते. १९१६ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, ते धर्मगुरू म्हणून सैन्याबरोबर फ्रान्समध्ये गेले. आपले काम कसे करावे, असे त्यांनी स्टडर्ट केनेडी या दुसऱ्या धर्मगुरूस विचारले. ही आठवण पुढे केनेडींनीच सांगितली. त्यांच्या सल्ल्याचे सार एवढेच की, शिपायांतच राहावे आणि ते जातील तेथे जावे. आघाडीवर येतो त्याचेच बोलणे ते ऐकतात. आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या माणसाचा हा धडा हार्डींनी अखेरपर्यंत पाळला. एप्रिल १९१८ मध्ये ते आघाडीच्या सुमारे ४०० यार्ड पुढे गेले आणि एका घायाळ अधिकाऱ्याजवळ, मदत मिळून त्यास परत आणता येईपर्यंत, थांबून राहिले.

त्याच वर्षी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. राजा पंचम जॉर्ज यांनी त्यांस स्वतःचे धर्मगुरू नेमले. मायदेशी परतण्याची सन्मान्य वाट मोकळी झाली. तरीही हार्डींनी पलटण सोडली नाही. ऑक्टोबरात ते जखमी झाले व १८ ऑक्टोबर १९१८ रोजी रुआँ येथे निवर्तले. युद्धविरामास तेव्हा चोवीस दिवस उरले होते.

हा हट्ट की स्वधर्म, असा प्रश्न येथे उद्भवतो. ज्याच्यावर लहान मुलांचा भार आहे, त्याचे कर्तव्य कदाचित परत फिरण्यातच असेल. कर्माचे बाह्य रूप पाहून निर्णय होत नाही. हेतू पाहावा लागतो. कायक्लेशाच्या भयाने केलेल्या कर्मत्यागास गीता राजस म्हणते. हार्डींना तर कीर्तीही मिळवावयाची उरली नव्हती. सर्वोच्च पदक छातीवर आलेच होते. श्रेष्ठांचे आचरण लोक अनुसरतात, असे तिसऱ्या अध्यायात सांगून भगवंत लगेच म्हणतात की, मला मिळवावयाचे काही नसूनही मी कर्म करीतच असतो. नेतृत्वाचे मर्म या दोन वचनांच्या सांध्यात आहे: ज्यास काही मिळवावयाचे नाही, त्याच्याच आचरणावर लोकांचा विश्वास बसतो.

गृहस्थाचे रणांगण घरातच असते. मुलास सत्य बोलण्यास सांगणारा पिता, दारी आलेल्यास ‘घरी नाहीत’ म्हणून सांग, असे त्याच मुलास शिकवतो, तेव्हा त्याचा उपदेश शिबिरातला ठरतो. जेथे सत्य बोलल्याने स्वतःचे नुकसान होते तेथे जो प्रथम उभा राहतो, त्याला उपदेश फारसा करावाच लागत नाही.