न दिसलेली कड

कॅपसाठी तासलेल्या दाढेची कड बरेचदा हिरडीखाली जाते आणि डिजिटल मापाचा खरा कस तिथेच लागतो. स्कॅनरचा कॅमेरा समोर दिसेल तेवढंच मोजतो. वर लाळेचा थर असेल, रक्त पाझरत असेल, हिरडी कडेवर आली असेल, तर खालचं त्याला दिसत नाही. तरीही पडद्यावरची दाढ पूर्ण दिसते, कारण सॉफ्टवेअर आजूबाजूचे बिंदू जोडून मधली मोकळी जागा बुजवून टाकतं. यातली किती कड मी खरोखर पाहिली, हे मला स्वतःला विचारावंच लागतं. दुसरं कोण विचारणार? मापाच्या आल्जिनेट लगद्याने उमासे येणाऱ्या काकू "बरं झालं डॉक्टर, ते चिकट काही नाही" म्हणत निर्धास्तपणे तोंड उघडतात.

मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी 1971 मध्ये कॅप आणि दात यांच्यातल्या फटीची मर्यादा 120 मायक्रॉन मानली. मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग. फट मोठी राहिली की सिमेंट झिजतं, जंतू शिरतात आणि कॅपखाली कीड लागते. दुखायला लागेपर्यंत कुणालाच पत्ता नसतो.

म्हणून हिरडीच्या खाचेत दोरा बसवायचा, काही मिनिटं थांबायचं, दोरा काढून हवेने कोरडं करायचं आणि हिरडी पुन्हा मिटायच्या आत स्कॅन उरकायचा. बाहेर माणसं खोळंबलेली असली की मन म्हणतं, चालेल एवढं, लॅबवाले सांभाळून घेतील. पण अस्पष्ट कडेवर मार्जिनची रेषा आखताना लॅबचा तंत्रज्ञही अंदाजच करणार. माझा आळस मी त्याच्या गळ्यात का घालू?

कॅलिब्रेशन, खुर्चीवरचा दिवा, स्कॅनर फिरवायचा क्रम, हे सवयीने सांभाळता येतं. स्कॅन कुठे पुरेल या हिशेबाचं तसं नाही. एक-दोन दातांना स्कॅन उत्तम. पण पूर्ण जबड्यात चित्राला चित्र जोडताना बारीक चुका साचत जातात, आणि दात नसलेल्या गुळगुळीत हिरडीवर तर जोडायला खुणाच कमी. अनेक इम्प्लांटवर एकसंध ब्रिज करायचा असेल, तर स्कॅनऐवजी सिलिकॉनचं माप घ्यावं की नाही हे ठरवताना माझ्या डोक्यात रुग्णाचा जबडा असतो की स्कॅनरचे हप्ते? हप्ते मध्ये येतात, हे मला नाकारता येत नाही. त्यांना निर्णय घेऊ द्यायचा नाही, एवढं माझ्या हातात आहे.

फाइल पाठवण्याआधी मी चित्रातले रंग काढून कड एकरंगी पाहतो. रंगांखाली झाकलेले खड्डे तेव्हा दिसतात. शंका आली तर तेवढा भाग पुसून पुन्हा दोरा. रक्त थांबतच नसेल तर तात्पुरती कॅप लावून, हिरडी बरी झाल्यावर परत यायला सांगायचं. समोरचा माणूस रोज बुडवून आलेला असतो, हे तेव्हा फार टोचतं. तरीही मी त्याला कारण समजावून सांगतो आणि पुढच्या फेरीचे पैसे घेत नाही.