आनंदाला निमित्त लागते का?

प्रवासाला निघालेल्या माणसाला ‘कुठे’ असे थेट विचारू नये, अपशकुन होतो, असे आपल्याकडे मानतात. म्हणून आपण ‘दौरा कुणीकडं?’ असे आडून विचारतो. ‘कशासाठी?’ या प्रश्नाला मात्र कोणतीच आडकाठी नाही. तो सगळेच विचारतात आणि उत्तरावरून निवाडाही देतात. लग्नकार्य, मयत, बाळंतपण, कोर्टाची तारीख, दवाखाना, देवदर्शन ही उत्तरे चालतात. ‘सहज, चार दिवस मजेत घालवायला’ हे उत्तर पुरुषाने दिले तर लोक हसून पुढे जातात. बाईने दिले तर विचारणारा थोडा वेळ उभाच राहतो. खरे कारण अजून सांगायचे राहिले असावे, असे त्याला वाटते.

2025 च्या जानेवारीत माझ्या दोन बहिणींनी हेच उत्तर दिले आणि आठ दिवस इटलीतल्या व्हेनिसला जाऊन आल्या. त्यांच्या प्रवासाचे वर्णन लिहिण्याचा माझा विचार नाही. त्या निमित्ताने नात्यागोत्यात जी चर्चा झाली, तिच्यात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे, तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

थोरली अक्का चौसष्ट वर्षांची. धारवाडला दिलेली, पोस्टातून निवृत्त झालेली, सहा वर्षांपूर्वी वैधव्य आलेली. धाकटी त्रेपन्न वर्षांची, इंदूरला बँकेत आहे. एकीच्या मराठीला कानडीचा हेल, दुसरीच्या मराठीत दर वाक्यागणिक हिंदी शब्द. धाकटीचे लग्न झाल्यापासून एकोणतीस वर्षांत या दोघी एका छपराखाली आल्या त्या मुंजीला, लग्नाला, आजारपणाला आणि वडिलांच्या दिवसांना. अशा भेटीत बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत, पाहुण्यांना वाढतात. रात्री अंथरुणे पडली की दोन वाक्ये होतात, तोवर एकीला झोप लागते. ‘एकदा कुणाचं ताट वाढायचं नाही अशा ठिकाणी जाऊन बोलत बसायचं,’ एवढाच त्यांचा बेत होता. एकीची पेन्शन, दुसरीचा पगार. कुणापुढे हात पसरला नव्हता. व्हेनिसच का, तर धाकटीने शाळेच्या भूगोलात पाण्यावरच्या या शहराचे चित्र पाहिले होते. जानेवारीच का, तर नाताळाचा सण 6 जानेवारीला संपल्यापासून फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपर्यंत तिथे गर्दी कमी आणि खोल्या स्वस्त असतात.

व्हिसाच्या अर्जात प्रवासाचा हेतू लिहावा लागतो. तिथे ‘पर्यटन’ एवढे लिहिले आणि वकिलातीचे समाधान झाले. नातेवाइकांचे झाले नाही. ‘तिकडं मुलगा असतो का?’ ‘तेवढ्या पैशात चारधाम झालं असतं.’ ‘एवढ्या थंडीत या वयात कशाला?’ एका काकांनी तर सुटकेचा मार्गही सुचवला: ‘व्हॅटिकन बघायला गेलो म्हणून सांगा, ते देवस्थानच की!’

ही केवळ चेष्टा नाही. निमित्ताशिवाय घर सोडायचे नाही हा आपल्या समाजाचा जुना नियम आहे आणि तो पुरुषांनाही होता. विष्णुभट गोडसे 1857 साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते यज्ञाची दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून. वाटेत बंड पेटले, झाशी पाहिली, जीव वाचवला. त्या सगळ्यातून ‘माझा प्रवास’ हे पुस्तक झाले. पण घरून परवानगी मिळाली होती ती दक्षिणेच्या नावाने. बायकांच्या बाबतीत नियम आणखी कडक. आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना अठरावे वर्ष जेमतेम पुरे झाले होते. फेब्रुवारी 1883 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत उभे राहून, आपण का जात आहोत, हिंदुस्थानातच का शिकत नाही, एकट्या का जाता, अशा एकेका प्रश्नाला त्यांना उत्तर द्यावे लागले. त्यांच्यापाशी उत्तम उत्तर होते. पण इतके उत्तम उत्तर असल्याशिवाय बाईने उंबरा ओलांडू नये, हा त्या सभेमागचा न बोललेला संकेत होता. आपल्या आज्या-पणज्यांनी वारी, काशी, रामेश्वर केले. त्यातली भक्ती खरी होती. आणि उघड्या रस्त्याने मैत्रिणींबरोबर हसत-बोलत चालण्याचे सुख हेही खरे होते. दुसऱ्याला पहिल्याचे पांघरूण घ्यावे लागत होते, इतकेच.

मग तत्त्वाचा प्रश्न असा, की आनंदाला पांघरूण हवेच का? ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात म्हटले आहे, की माणूस कामात गुंततो तो पुढे फुरसत मिळावी म्हणून. म्हणजे फुरसत साध्य आणि काम साधन. आपण बरोबर उलटे धरून चालतो. विश्रांती घ्यायची ती पुन्हा कामाला जोर यावा म्हणून. मुलाने खेळायचे ते अभ्यासात लक्ष लागावे म्हणून. आपल्या परंपरेनेही काम हा चार पुरुषार्थांपैकी एक मानला आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात तर धर्माला विरोध न करणारी इच्छा हे आपलेच रूप आहे, असे श्रीकृष्ण सांगतात. आनंदाने आपली उपयुक्तता सिद्ध करावी अशी अट तिथे नाही. अट आहे ती धर्माला विरोध नसण्याची.

इथेच थांबलो तर विषय फार सोपा होईल. कारण ज्या ॲरिस्टॉटलने फुरसतीचा गौरव केला, त्यानेच ‘राजनीती’ या ग्रंथात गुलामगिरीचे समर्थन केले. त्याच्या नागरिकाला फुरसत होती, कारण दळण-कांडण दुसरे कुणी करत होते. तेव्हा ‘कशासाठी?’ हा प्रश्न चुकीचा असला, तरी त्याच्या जागी दुसरा एक प्रश्न उभा राहतो: या आनंदाची किंमत कोण देतो?

व्हेनिस हे शहर हा प्रश्न फार स्पष्टपणे विचारते. शंभरावर लहान बेटे, चारशेहून अधिक पूल. मोटारगाडी नाही, बसही पाण्यावरूनच चालते. 1951 साली या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. ऑगस्ट 2022 मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. रियाल्टो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत 2008 पासून रहिवाशांचा आकडा लावलेला असतो. दवाखान्यात रोग्याच्या उशाशी तापाचा तक्ता टांगावा तसा. 2023 मध्ये एका नागरिक गटाने मोजून दाखवले, की पाहुण्यांसाठीच्या खाटा आता रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या आहेत. घर भाडेकरूला देण्यापेक्षा पाहुण्यांना देणे फायद्याचे. मग मुलगा-सून पलीकडे मुख्य भूमीवर राहायला जातात, मागून किराणा दुकान बंद पडते आणि तिथे मुखवट्यांचे दुकान येते. समुद्राचा त्रास वेगळाच. 12 नोव्हेंबर 2019 च्या रात्री पाणी 187 सेंटिमीटरच्या पातळीपर्यंत चढले होते. ऑक्टोबर 2020 पासून समुद्राच्या तोंडाशी 78 लोखंडी झडपा उभारून पाणी अडवता येते. माणसांचा लोंढा अडवायला झडपा नाहीत. एप्रिल 2024 पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी, फक्त दिवसापुरते येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेऊ लागले; शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते नाही, त्यांचा कर निराळा.

पूर्वीही या शहरात पाहुण्यांच्या आनंदाला एक मागची बाजू होती. पिएता नावाच्या अनाथालयात मुलींना संगीत शिकवत. विवाल्डी तिथे 1703 पासून व्हायोलिनचे शिक्षक होते. शहरात अशी आणखीही अनाथालये होती आणि तिथले गाणे ऐकायला युरोपभरचे लोक येत. मुली जाळीआड उभ्या राहून गात. रूसोने ते गाणे ऐकले आणि जाळीमुळे गाणाऱ्यांची तोंडे दिसत नाहीत म्हणून हळहळला. आत्मचरित्रात त्याने ते लिहून ठेवले आहे. ऐकणाऱ्यांना निमित्त लागत नव्हते. गाणाऱ्या मुलींना धर्मसंस्थेच्या छपराचे निमित्त लागत होते.

अक्काने परत आल्यावर राजवाड्यांविषयी थोडे आणि एका म्हातारीविषयी जास्त सांगितले. धुक्याची सकाळ होती. अक्काचे गुडघे दुखतात, म्हणून दोघी एका पुलाच्या पायथ्याशी थांबल्या होत्या. एक ऐंशीची बाई दोन चाकांची बाजाराची पिशवी ओढत आली आणि पायऱ्यांपाशी उभी राहिली. धाकटीने एका बाजूने पिशवी उचलली, अक्काने दुसऱ्या बाजूने, आणि तिघी पूल चढून उतरल्या. म्हातारी काहीतरी बोलली. ते इटालियन होते की तिथली घरगुती व्हेनेशियन बोली, हे यांना कळायला मार्ग नव्हता. तिथली जुनी माणसे आपल्यासारखीच दोन भाषांत राहतात. ‘आम्ही तिच्या गल्लीत आठ दिवस मजा केली, पण तिला भाजी आणायला रोज तेवढे पूल चढायला लागतात,’ अक्का म्हणाली. आनंद घेताना मागच्या बाजूकडे लक्ष असणे म्हणजे काय, ते मला या वाक्यात दिसले.

हाच हिशेब घरातही मांडावा लागतो. आमची आई शहाऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली, माझ्याकडे बेळगावला असते. दर जानेवारीत अक्का येऊन पंधरा दिवस राहते आणि माझी पत्नी मिरजेला माहेरी जाते. वर्षातली तिची ही एकच सुट्टी. बहिणींचा बेत ठरला तेव्हा चारधाम सुचवणाऱ्या एकालाही ही गोष्ट सुचली नाही. सुचली ती अक्कालाच. तिकिटे काढण्याआधी तिचा फोन आला आणि तिने माझ्याशी न बोलता पत्नीला बोलावले. ‘वैनी, आम्ही गेलो तर तुझं मिरजेला जायचं राहतंय की. मी फेब्रुवारीत येते, पंधराच्या जागी वीस दिवस राहते. चालतंय का बघ. नाही म्हणालीस तर आम्ही दिवस बदलतो.’ पत्नी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘जाऊन या अक्का. फेब्रुवारीत नक्की या मात्र.’ अक्का आली आणि वीस दिवस राहिली. ‘कशासाठी जाता’ यावर घरात महिनाभर बोलणे झाले होते. ‘कुणाच्या वाट्याचं घेतो आहोत’ हे एका फोनवर मिटले.

यावर कुणी म्हणेल, जगात उपाशी माणसे असताना हजारो मैल मजेसाठी जावेच का? आक्षेप खरा आहे. पण तो सगळ्यांना सारखाच लावावा. लग्नाच्या कार्यालयाला, मुलाच्या मोटारसायकलला, आपल्या दिवाळीच्या रोषणाईला आपण तो लावत नाही. दोन प्रौढ बायका तिकीट काढतात तेव्हाच आपल्याला गरिबांची आठवण होते. विमानाच्या धुराची किंमतही सगळे जग देते आणि ती या दोघींच्या नावावरही पडते. जन्मात एकदा गेलो म्हणून ती पुसली जात नाही. आनंद निर्दोष असतो असे मला म्हणायचे नाही. त्याचा हिशेब पुण्याच्या वहीत न मांडता देणेकऱ्याच्या वहीत मांडावा, एवढेच म्हणायचे आहे.

मी शाळेत आहे, म्हणून ही गोष्ट मला दर वर्षी दिसते. डिसेंबरात सहल निघते: बदामी, ऐहोळे, पट्टदकल, कधी हंपी. परिपत्रकात आम्ही ‘शैक्षणिक सहल’ असे लिहितो. हा शब्द म्हणजे आमचेही पांघरूणच. तरीही यादीत मुलांची नावे भराभर येतात आणि मुलींच्या पुढे रकाना रिकामा राहतो. एकाच घरातला आठवीचा भाऊ जातो, दहावीची बहीण राहते. बापाला बोलावून घेतले की तो विचारतो, ‘सर, परीक्षेला येतंय का त्यातलं काही?’ मुलाच्या वेळी हे विचारले होते का, असे म्हटले की तो हसतो. मग हळूहळू कळते की आई मजुरीला जाते, घरात दोन म्हशी आहेत आणि त्या तीन दिवसांत भावाच्या वाट्याचेही शेण-पाणी ती बहीणच करणार आहे. भावाच्या सहलीचे पैसे बाप भरतो. किंमत बहीण देते.

अशा वेळी बदामीच्या लेण्यांचा अभ्यासक्रमाशी असलेला संबंध मी सांगत बसत नाही. ‘यंदा तिला पाठवा, म्हशी तो बघेल,’ एवढेच सांगतो. काही बाप ऐकतात, काही ऐकत नाहीत. गेल्या डिसेंबरात एकाने ऐकले. मुलगी परत आली तेव्हा वर्गात सगळ्यांना ‘सहलीत काय शिकलात’ यावर निबंध लिहायला दिला होता. तिने अगस्त्य तलावाच्या पायरीवर मैत्रिणींबरोबर पाण्यात पाय सोडून बसल्याचे दीड पान लिहिले आणि शिकण्याविषयी एक अक्षरही लिहिले नाही. मराठीच्या बाईंनी तिला दहापैकी आठ गुण दिले.